रविवारची गोळी

बाबा,

छापखान्यात फोन केला होता, पण मशीनच्या आवाजात तुम्हाला ऐकू आला नसणार. आईला दवाखान्यात ठेवलंय. फ्लू छातीत उतरलाय, ऑक्सिजन लावलाय. मी तिचे कपडे न्यायला आले होते, लगेच परत निघतेय.

लस घेऊनही असं कसं झालं, हे तुम्ही विचारालच. लसीनं काही अपाय केलेला नाही, शेजारच्या काकू काहीही म्हणोत. लस नीट लागू पडावी म्हणून संधिवाताची गोळी नंतरचे दोन रविवार बंद ठेवायची होती. आपण तिघांनीही ते ऐकलं होतं. पण तिची बोटं वळत नाहीत, म्हणून पाकीट फोडून गोळी चहाच्या बशीत तुम्ही ठेवता, आणि बशीत असेल ते ती मुकाट्यानं घेते. इतक्या वर्षांत तुमचा एकही रविवार चुकला नाही. तेव्हाही चुकला नाही.

गोळी बंद असती तरी खात्री नव्हती, असं डॉक्टर म्हणाले. हे मी तुमची समजूत काढायला लिहीत नाहीये, ते खरंच तसं म्हणाले.

त्यांनी गोळीचं विचारल्यावर आईनं मास्क बाजूला करून सांगितलं, "मीच विसरले." तुम्ही आलात की तेच धरून चाला. तिला बोलताना धाप लागते, वाद घालायला लावू नका.

जेवण झाकून ठेवलंय. चार घास खाऊन या.

उद्या रविवार. डॉक्टरांनी आता गोळी थांबवली आहे, पण सवयीनं तुमचा हात जाईल. म्हणून पाकीट मी सोबत नेतेय.