एकशे बारा नंबरचं कोकरू

मंगळवार, ता. ४ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्याच्या ऑपरेशनची पट्टी असेल, म्हणून अक्षर मोठं काढते. हे पत्र दादाला वाचायला देऊ नका. फोनही त्याचसाठी केला नाही, दादाकडे फोन बैठकीत असतो, सगळ्यांना ऐकू जातं. दूधगाडीवाला संध्याकाळी परत फिरतो, त्याच्या हाती उत्तर द्या.

एक्केचाळीस नंबरची मेंढी काल गुरांच्या डॉक्टरांनी नेली. तिच्या रक्तात आजार निघाला. तो दुधातून पिलांत उतरतो आणि पिलांच्या रक्तात सहा महिने दिसतच नाही, म्हणून तिची दोन्ही कोकरं शुक्रवारी नेऊन मारणार आहेत. कळपाच्या वहीत तुमच्या अक्षरात एक्केचाळीसपुढे ११२ आणि ११३ आहेत. मी दोघांना वेगळं कोंडलं, पण बाटलीला तोंड लावतील तर शपथ. आज ११२ फाटकाखालून निसटलं ते थेट सत्तावीस नंबरच्या मेंढीखाली गेलं. तिनं शेपटीचा वास घेतला आणि निवांत पाजलं. परक्या पिलाला मेंढी ढुशी मारून हाकलते, हे तुम्हीच शिकवलंत ना?

तीन आठवड्यांपूर्वी कोकरांच्या कानात बिल्ले मारले, त्या दिवशी मी तापानं पडले होते. तुम्ही एकट्यानंच मारलेत. बाबा, काही गडबड तर झाली नाही? रविवारी शेजारच्या काकू आपल्याकडची चार कोकरं विकत नेणार आहेत.

माया आहेच, ती राहीलच. उत्तर तेवढं आधी द्या.

तुमची ठकू


बुधवार, ता. ५

चि. ठकूस,
अ. उ. आशीर्वाद.

एका डोळ्यानं लिहितोय, ओळी वाकड्या गेल्या तर हसू नकोस. तुझी वहिनी दर दोन तासांनी थेंब घालते आणि मान हलवली की ओरडते. पोत्यासारखा पडून आहे.

चाळीस वर्षं मी बिल्ले मारतोय. आईच्या कानातला नंबर वाचायचा, तिचं पिलू मांडीत घ्यायचं, बिल्ला मारायचा, वहीत लिहायचं, मगच दुसऱ्याला हात लावायचा. यात गडबड कसली होणार? सत्तावीसला दूध जास्त झालं असेल, पाजलं असेल. उगाच राईचा पर्वत करू नकोस. ती दोन देऊन टाक आणि डॉक्टरांपुढे वहीबद्दल अवाक्षर काढू नकोस. त्यांना संशय आला तर अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कोकरं उचलून नेतील.

ताप गेला म्हणून उन्हात हिंडू नकोस. आशीर्वाद आहेतच.

बाबा


बुधवार, संध्याकाळ

ती. बाबांस,
शि. सा. न.

गादीवर पडून उंटावरून शेळ्या हाकता येतात, मेंढ्यांसाठी गोठ्यात यावं लागतं. आज मी ११३ ला मुद्दाम सोडून पाहिलं. तेही सत्तावीसकडेच गेलं. वहीत सत्तावीसपुढे ११९ आणि १२० आहेत, त्यातलं ११९ भलत्याच मेंढीला पितंय. म्हणजे नुसती दोघांची अदलाबदल नाही.

दोन निरोगी जीव उगाच मरतील, आणि आजारी दोन माझ्या कळपात राहतील, नाहीतर काकूंच्या. वर्षा-दोन वर्षांत सगळा कळप जाईल. बाबा, माझं पोट या कळपावर आहे. मी तुम्हाला सरळ विचारतेय, तुम्ही मला सरळ सांगा. परवा सकाळी दहाला गाडी येईल.

राग धरलात तरी चालेल, गप्प बसू नका.

ठकू


गुरुवार, ता. ६

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र सकाळपासून उशीखाली आहे. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. त्या दिवशी मला मेंढ्यांच्या कानातले नंबर दिसतच नव्हते. सगळी कोकरं मेंढ्यांसकट कोपऱ्यात कोंडली, हाताला येईल त्याला ओळीनं बिल्ला मारला. मेंढ्या अंगलोटावरून ओळखल्या आणि जे पिलू जिच्याजवळ हाताला लागलं ते तिच्या नावावर लिहून टाकलं. तुला सांगितलं असतं तर बिल्ल्यांची पक्कड माझ्या हातून गेली असती. मग गोठ्यात माझं काय काम उरलं असतं? या भीतीनं गप्प बसलो. काल तुझ्यावर डाफरलो तेही त्याच भीतीनं. मला माझीच लाज वाटते.

आता ऐक. उद्या सकाळी उठल्याबरोबर सगळी कोकरं आयांपासून तोड. दहापर्यंत चांगली भुकेजू देत. मग डॉक्टरांसमोर एकदम सोड. पाव तासात ज्याची आई त्याला मिळेल. जी दोन एकटी राहतील, ती एक्केचाळीसची. पण आधी डॉक्टरांना माझं नाव घेऊन सगळं सांग. हे पत्रच दाखव. त्यांनी सगळी नेतो म्हटलं, तर तो दोष माझा, तुझा नव्हे.

जमलं तर बापावरचा लोभ कमी करू नकोस.

बाबा


शुक्रवार, ता. ७

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी तुमचं पत्र गाडीला टेकून दोनदा वाचलं. म्हणाले, नियमानं सगळीच न्यायला हवीत. मी गयावया केली. शेवटी म्हणाले, एकदा बघतो. एकाही कोकराबद्दल शंका उरली तर अठ्ठावीसही गाडीत चढतील.

मी फाटक उघडलं. काय तो कालवा! एकेक शेपटी हलायला लागली तसे डॉक्टर नंबर लिहीत गेले. शेवटी दोनऐवजी चार उरली. तेवढ्यात नऊ नंबरची आपली म्हातारी पाण्याच्या टाकीमागून सावकाश आली आणि तिनं आपली दोन बाजूला घेतली.

राहिली १०४ आणि १२६. चार दिवस नुसत्या पाल्यावर निभावलेली ती दोघं प्रत्येक मेंढीखाली घुसली, प्रत्येकीनं ढकललं, आणि पुन्हा मधोमध येऊन ओरडत राहिली. १२६ काकूंनी पसंत केलेलं होतं. मी स्वतः दोघांना उचलून गाडीत ठेवलं. १०४ माझं बोट चोखत होतं. मी खूप रडले.

बाकीची वही डॉक्टरांनी समोर बसून दुरुस्त करून घेतली. रागावले नाहीत. जाताना एवढंच विचारलं, की वडिलांना दिसत नाही हे ऑपरेशनची वेळ येईपर्यंत घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही? महिना-दोन महिने तुम्ही माझ्यासमोर ताटात चाचपडत जेवत होता, उंबऱ्याला अडखळत होता, आणि मी हसून म्हणत होते, बाबा, लक्ष कुठंय तुमचं? तुमची चूक निदान वहीत सापडली. माझी कुठेच लिहिलेली नाही.

पट्टी सुटली की लगेच घरी या. मी वाट बघतेय.

तुमची ठकू