ईस्टरची साक्ष

बाबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग धरायचा, असं लोक म्हणतील. म्हणोत बापडे. त्यांचं काय जातं? खुबा माझा गेला.

नाचणगावचं आपलं घर, मागचं अंगण. तुम्ही पुलगावच्या शाळेत ड्रिलमास्तर, म्हणून घरातही शिट्टी. मी लहान, उजवा खुबा सुजलेला, काठी घेऊन लंगडणारी. सायकलच्या दांडीवर बसवून तुम्ही मला मिशनच्या दवाखान्यात नेलंत. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, बाहेर बाकावर बसवलं आणि मग त्या तुमच्याशी आत बराच वेळ बोलल्या. तुम्ही हसतच बाहेर आलात. "कसरत सांगतली बाईनं. रोज केली तं ईस्टरले पळशीन." मी खूश. तुमचा शब्द म्हणजे माझ्यासाठी शास्त्रवचनच होता.

मग ईस्टरच्या आधीचा सारा उपवासकाळ तेच. पहाटे अंगणात तरट अंथरलेलं, मी त्यावर उताणी, तुम्ही उशाशी उभे. एक म्हटलं की पाय वर, दोन म्हटलं की खाली. खुब्यात नुसती आग उठते. "बाबा, लय दुखून राह्यलं." "दुखू दे. प्रभूले का कमी दुखलं होतं? लोकं उपवासात चहा सोडतात, तू हे दुखणं त्याले देजो." आई चुलीपुढून ओरडते, "काऊन छळता हो लेकराले?" तुम्ही तिलाच गप्प करता. आणि मी येडी दात आवळून पुन्हा पाय उचलते. देवाला देण्यासारखं आपल्यापाशी काहीतरी आहे, याचा केवढा अभिमान वाटायचा मला!

ईस्टरला तुम्ही माझी काठी काढून घेतलीत आणि मला मिशनच्या देवळात दारापासून वेदीपर्यंत चालवलंत. मग उभं राहून साक्ष दिलीत, की विश्वासानं आणि व्यायामानं पोरगी बरी झाली. बाया पदरानं डोळे पुसत होत्या. घरी येऊन मी खाटेवर पडले ती कित्येक महिने उठले नाही.

डॉक्टरीणबाई घरी आल्या. पाय पाहून त्यांचा आवाज चढला. "हाडाचा क्षय आहे, पाय मुळीच हलवू द्यायचा नाही, निजवून ठेवा, असं बजावलं होतं ना मी तुम्हाला?" तुम्ही भिंतीकडे बघत होतात. मग म्हणालात, "बाई, पडून राह्यलं का माणूस खचते. मी प्रभूवर भरोसा टाकला होता." भरोसा तुमचा, बाबा, आणि हाड माझं! मी त्याच खोलीत होते, सगळं ऐकत होते.

तेही गिळलं असतं एखादवेळी. मायेपोटी माणूस चुकतो. पण ती साक्ष तुम्ही मंडळीपुढे कधी मागे घेतली नाहीत. मला जन्माची लंगडी झालेली पाहून लोक म्हणाले, पोरीचाच विश्वास कमी पडला. तुम्ही शेजारी उभे होतात. एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं? तुम्ही मान खाली घालून नुसतं ऐकून घेतलंत.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? घरातच राहील. देवळातल्या बायांना मी सांगते, बाबांना केव्हाच क्षमा केली. त्यांना बरं वाटतं. पण दर रविवारी प्रभूची प्रार्थना चालू असते, आम्ही इतरांना क्षमा केली तशी आम्हाला कर, ही ओळ येते, आणि तेवढ्यापुरते मी नुसते ओठ हलवते.