रोज सकाळी मस्त म्हणायचं

३ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो. गाडी वेळेवर, खिडकीची जागा, शेजारी कोणी बडबड्या नाही, म्हणजे दिवस चांगला. पुतण्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, ऊन भरपूर. नळाचा वॉशर गेला होता, तो बॅग उघडायच्या आधी बदलला. बाथरूमची कडी सरळ केली. मला असलं घर आवडतं, हाताला काम देतं.

कारखान्यात चाळीस वर्षं मशीनची वही लिहिली. काय बिघडलं, का बिघडलं, काय केलं. सातवी पास माणसाला तेवढं जमतं. इथंही तसंच लिहिणार, कारण इथंही दुरुस्तीचंच काम आहे. धाकटा भाऊ फोनवर रडला. म्हणाला, दादा, पोरगा तीन आठवडे कामावर गेला नाही, खोलीतून बाहेर येत नाही, तूच जा, तुझ्या धाकात राहील. मी म्हटलं, रडू नकोस, आठवड्यात उभा करतो.

पोरगा सव्वीसचा. सहा फुटाच्या वर, म्हणून घरात सगळे त्याला शिडी म्हणतात. आत्ता शिडी आतल्या खोलीत आडवी पडलीय, भिंतीकडे तोंड करून. पाठीवर थाप मारली तर म्हणाला, काका, आलात ते बरं झालं. आवाज विहिरीतून आल्यासारखा.

४ फेब्रुवारी, मंगळवार

विचारलं, नेमकं दुखतंय काय. म्हणाला, काहीच दुखत नाही, हेच तर दुखतंय. म्हणाला, मी आत आत चाललोय, तुमचं बोलणं लांबून येतं. मी म्हटलं, मग उठून जवळ ये! दोन वेळ खायला, डोक्यावर पंखा, पार्सलच्या गोदामात पक्की नोकरी, आणि म्हणे आत चाललोय. आमच्या वेळी आत जायला जागाच नव्हती. एका खोलीत आठ जण.

समोरच्या घरात एक नर्सबाई राहतात. इतके दिवस पोराला जेवण त्याच देत होत्या. जिन्यात गाठून त्यांनी मला चिठ्ठी दिली, मनाच्या डॉक्टरचा पत्ता. म्हणाल्या, लवकर न्या, आणि तोपर्यंत त्याला दामटू नका. काय होतंय ते विचारा आणि विचारून गप्प बसा. मला शिकवतात! चिठ्ठीची घडी करून टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सारली. टेबल तरी बरं झालं.

५ फेब्रुवारी, बुधवार

उपाय चालू केला. रोज सकाळी सातला मी दारात उभा राहणार, कसा आहेस विचारणार, त्याने मोठ्याने मस्त म्हणायचं. म्हटल्याशिवाय चहा नाही. आमचा जुना फोरमन असंच करायचा. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी एकेकाला विचारायचा, आणि मस्त सोडून दुसरं उत्तर आलं की अख्ख्या खात्यासमोर सोलून काढायचा. कोणी मेलं नाही.

आज अकरा वेळा म्हणायला लावलं. दहा वेळा नुसते ओठ हलले. अकराव्याला रडला. चहा मोरीत ओतला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज बावीस वेळा. शेवटी म्हणाला, काका, मी म्हणेन, पण मग मी राहणार नाही. म्हटलं, जाणार कुठं? नुसती नाटकं! इतका ओरडलो की खालच्या मजल्यावरून माणूस वर आला. त्यालाही ओरडलो.

८ फेब्रुवारी, शनिवार

जिंकलो. मी तोंड उघडायच्या आत आतून आवाज आला, एकदम मस्त, काका! दार उघडून बाहेर आला तो दाढी करून, भांग पाडून. चार अंडी खाल्ली. मी फोरमनची नक्कल केली तर खो खो हसला. भावाला फोन लावून दिला. भाऊ म्हणाला, दादा, तू माझं पोरगं परत दिलंस.

सहा दिवस. डॉक्टरने सहा महिने घेतले असते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

कामावर जातोय. गोदामाचा साहेब खूश, भाऊ खूश, खालचा माणूससुद्धा नमस्कार करतो.

फक्त एक. आज परत नक्कल केली. परत तसाच हसला. तितकाच. पाच वेळा हा, मग बंद. नळ बंद करावा तसा. आणि सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी घोट थुंकला. त्याने कप रिकामा केला आणि एकदम मस्त म्हणाला.

दुपारी घरात मी एकटा. आतल्या खोलीत ठक ठक. पाइप असेल.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पाइप नाही. त्या भिंतीत पाइपच नाही, बाहेरून बघून आलो.

मशीनचं बेअरिंग खराब झालं का ते बघायला आम्ही लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचो. टोक मशीनला, मूठ कानाला. आतली किरकिर, खरखर सगळी ऐकू येते. चाळीस वर्षांत माझा कान एकदाही चुकला नाही. पोरगा भिंतीला जिथं तोंड लावून पडायचा, तिथं टोक लावलं.

आत पोरगा होता. तोच विहिरीतला आवाज. म्हणत होता, काका, मी इथं आहे.

धावत फोनकडे गेलो, गोदामात लावला. पोरगा फोनवर आला. म्हणाला, काय काका, मी एकदम मस्त.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी तो पलंगावर पडला होता, डोळे उघडे. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्या छातीवर ठेवलं. हसून बघत राहिला. आत काही नाही. बंद मशीनसुद्धा थोडं बोलतं, तेल उतरतं, लोखंड निवतं. इथं तेवढंही नाही.

भावाला सांगितलं. तो माझ्यावरच उखडला. म्हणाला, दादा, तो हसतोय, कमावतोय, अजून काय पाहिजे? बरा झालेला पोरगा बिघडवू नकोस. मी तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. फोन आपटला.

मग लक्षात आलं. शनिवारी फोनवर मीच भावाला म्हणालो होतो, हसतोय, अजून काय पाहिजे. शब्दसुद्धा हेच.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नर्सबाईंना बोलावलं. वाटलं, हसतील. त्यांनी कानाला स्टेथोस्कोप लावून भिंतीवर टेकवला. रंग उतरला बाईंचा. बराच वेळ ऐकत होत्या, मग म्हणाल्या, आता तरी ओरडू नका.

टेबलाखालची चिठ्ठी काढली, डॉक्टरला फोन केला. गुरुवारी बोलावलंय. पण कुणाला नेऊ? याला? हा तिथं बसून मस्त म्हणेल आणि डॉक्टर घरी पाठवेल. आधी खरा बाहेर काढला पाहिजे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तो कामावर गेला की भिंतीशी बसतो. मी चढ्या आवाजात बोललो की पोराचा आवाज लांब जातो. गप्प राहिलो की जवळ येतो. गप्प राहणं! याच्याएवढं जड काम जन्मात केलं नाही. दात आवळून बसलो.

आज भिंतीतल्या पोराने सगळं सांगितलं. असं आत आत जायला लागून वर्ष झालं म्हणे. एकदा पुलावर बराच वेळ उभा होता. घरी सांगितलंस का विचारलं. म्हणाला, बाबांना सांगितलं, ते म्हणाले जरा फिरायला जात जा.

मग त्याने विचारलं, आणि तुम्ही, काका? विचारलं आणि थांबला. आजवर कोणी थांबलं नव्हतं. सांगून टाकलं. सत्ताविसाव्या वर्षी प्रेस मशीनमध्ये माझी उजवी करंगळी गेली. त्यानंतर सात-आठ महिने चालता-बोलता मेलो होतो. जेवायचो, कामाला जायचो, घरी येऊन भिंत बघायचो. फोरमनने विचारलं, मी मस्त म्हटलं. रोज म्हटलं. एक दिवस बरं वाटलं. बरं म्हणजे— काही वाटेनासंच झालं. तेव्हापासून तसंच.

मग पोरगा हळूच म्हणाला, काका, इथं अजून एक जण आहे. पाठमोरा बसलाय. तुमच्या आवाजात पुटपुटतो.

खोटं. खोटं आहे साफ. शिवी हासडून उठलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

तो आज दुपारीच गोदामातून परत आला. पलंग ओढून त्या भिंतीला लावला. वर बसला. उद्यापासून घरीच राहणार म्हणतो. मी विचारलं का. म्हणाला, मस्त वाटतं इथं.

भिंतीतली ठक ठक मंद झालीय. सकाळी शंभर होती तर आता दहा. पोरगा दमतोय—

१९ फेब्रुवारी, बुधवार

त्याला नाही म्हणता येत नाही, तेच वापरलं. नर्सबाई त्याला सामान उचलायला घेऊन गेल्या. जमेल तेवढा वेळ गुंतवतो म्हणाल्या. पलंग ओढला. छिन्नी, हातोडा. वीट निघाली. मागं नुसती हवा असायला पाहिजे, बाहेरचं ऊन असायला पाहिजे. नाही. काळं, गार, खोल.

ओरडलो नाही. ये म्हटलं नाही. म्हटलं, मी बसलोय, तुझ्या वेळाने.

हात आला. पोराचा. नखं कुरतडलेली. बर्फ नुसता. डाव्या हाताने मनगट धरलंय, उजव्याने लिहितोय. नर्सबाई, मी नसलो तर हे वाचा. उद्या त्याला डॉक्टरकडे न्या. कसा आहेस विचाराल तर उत्तर येईपर्यंत थांबा. मस्त म्हणायला लावू नका. कुणालाही लावू देऊ नका, माझ्या भावाला तर मुळीच—

जिन्यात कोणी हसतंय. पाच वेळा हा.

खांदा आला. डोकं अडकलंय. अजून एक वीट पाहिजे—

भोकातून दुसरा हात. पोराचा नाही. बोटांत ग्रीस. पाची बोटं शाबूत, करंगळीसकट. हा हात मला माहीत आहे. हा माझा आहे, सत्तावीसच्या आधीचा. घट्ट धरतोय मला. सोडेना. दोघं एकदम निघणार नाहीत, भोक लहान. कडी वाजतेय, तो बाहेरून मला विचारतोय, काका, कसे आहात, काका, कसे आहात—

नाही उत्तर देणार.

पोरगा आधी. ओढतोय. तू सोड रे. सोड म्हणतो ना. चाळीस वर्षं थांबलास, अजून जरा—