तापीधाराचे पाचशे शेअर

२७ ऑक्टोबर, सोमवार

एकशे बारा! शुक्रवारी भाव अठ्ठ्याण्णव होता. छत्री तलावाच्या सकाळच्या फेरीनंतर नऊ वाजून गेले तरी कोणी घरी जाईना. सगळे मोबाईलवर वाकलेले. कुंदनभाऊ एसटीतून रिटायर झाले, पण आवाज अजून कंडक्टरचाच — "वयनी, तापीधारा ऑइलचं कर्ज अर्धं झालं! दोनशेवर जाते पाहा आता!"

"कोनी सांगतलं?"

"कोनी म्हंजे? सारेच सांगून राहिले!"

बेबीताईंनी बाकावर बसूनच आणखी पन्नास घेतले.

माझे पाचशे आहेत. म्हणजे ह्यांचे. बासष्टच्या भावानं घेतलेले. त्यातून वर पत्र्याची एक खोली बांधायची, भाड्यानं द्यायची. मग कोणापुढे हात पसरायला नको.

२९ ऑक्टोबर

कंपनीचा अहवाल काढला. अजून ह्यांच्याच नावानं येतो. सगळा इंग्रजीत. माझी शाळा सातवीपर्यंत, पुढचं डिक्शनरीनं शिकवलं. हे आधी हसायचे. मग तेच विचारायला लागले, "याचा अर्थ काय वं?"

३० ऑक्टोबर

सापडलं! पान एकशे शहाण्णव. लांब मुदतीचं कर्ज खरंच अर्धं दिसतं. पण पान उलटलं की दुसरा मथळा — एका वर्षाच्या आत फेडायचं. तिथं तेवढीच रक्कम वाढलेली! म्हणजे कर्ज गेलं नाही, फेडायची वेळ जवळ आली. लोक एकच पान बघून नाचताहेत! तीनदा बेरीज केली. आनंदानं — खोटं कशाला लिहू.

३१ ऑक्टोबर

तलावावर सगळ्यांना सांगितलं. कुंदनभाऊ म्हणाले, "तुमी कधी सीए झाल्या वयनी?" सगळे हसले. बेबीताई तर चिडल्याच — "चांगलं चाललं तं कावून नाट लावता!"

अकोल्याला जानरावांना फोन केला. माझे धाकटे दीर, त्यांचे दोन हजार आहेत. तेही हसले. भाव एकशे एकोणीस.

१ नोव्हेंबर, शनिवार

विकायचेच. पण शेअर ह्यांच्या नावावर. मृत्यूचा दाखला दिल्याशिवाय माझ्या नावावर होत नाहीत. दोन वर्षं दिला नाही. का, ते कोणाला सांगितलेलं नाही.

दर शनिवारी संध्याकाळी ह्यांच्या मोबाईलवर मेसेज येतो. 'प्रिय नामदेव, आपल्या खात्यात ५०० शेअर आहेत.' बँकेनं, गॅसवाल्यानं, मतदार यादीनं, सगळ्यांनी ह्यांचं नाव काढलं. हे एकच खातं अजून ह्यांना हाक मारतं.

आजही आला. सात वाजता.

३ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीनं अकोला. दलालाचं ऑफिस तिथं आहे. प्राजक्ता म्हणून मुलगी बसते. "काकू, नॉमिनी तर तुम्हीच आहे! मग दोन वर्षं काय केलं?"

वेळ नाही मिळाला, म्हटलं.

अकरा सह्या. दाखला प्लास्टिकच्या पिशवीला चिकटला होता, निघता निघेना. तिनंच काढला.

६ नोव्हेंबर

एकशे एकतीस! आणि काम अजून झालेलं नाही! प्राजक्ता फोनवर — "होऊन राहिलं काकू." कुंदनभाऊंनी पेढे वाटले. मी माझा पदरात बांधून घरी आणला. चुकले असेन तर? पुन्हा पान एकशे शहाण्णव काढलं.

नाही चुकले!

१० नोव्हेंबर

माझ्या नावावर झाले! दहा वाजता बाजारातूनच प्राजक्ताला फोन करून सगळे विकले — एकशे चौतीस! राजापेठेतून घरी चालत आले, रिक्षावाले हाका मारत होते, ऐकूच येत नव्हतं. परवा कंपनीचा निकाल.

१२ नोव्हेंबर

रात्री बातमी. कंपनीनं कर्ज फेडायला बँकांकडे मुदत मागितली.

१३ नोव्हेंबर

एकशे सात, आणि घेणारा कोणी नाही. बेबीताई बाकावर बसून रडल्या. मी शेजारी बसले. कुंदनभाऊ आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले असतील — "वयनी, ते पान मलेबी दाखवा."

जानरावांना कसा धीर द्यायचा, ते ठरवून फोन केला.

"मी तं तुमचा फोन ठेवला अन् लगेच विकले वयनी!"

"मंग हसले कावून?"

"दादाची आठवन आली. तो म्हने, माह्या बायकोनं वाचलं म्हंजे वाचलं."

खूप हसलो दोघं. बांधकामवाल्याला उद्या बोलावलं आहे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सात वाजून गेले. आठही वाजले. ह्यांचा मोबाईल गप्प आहे. रिचार्ज अजून बावीस दिवसांचा आहे.