आला कावळा

बाबा,
आधी खुर्चीत बसा. घरात कोणी नाही आणि तुमचा फोन इथेच चार्जिंगला राहिलाय, म्हणजे एव्हाना तुम्ही पराचा कावळा केला असणार. आपलं ठरलंय ना, मन भलतंसलतं रंगवायला लागलं की "आला कावळा" म्हणायचं आणि खरं काय घडलंय तेवढंच बघायचं.

तर खरं एवढंच आहे की ताई सुखरूप बाळंत झाली. आई तिच्यापाशी आहे, मी दुपटी न्यायला आले होते. तुम्ही शर्ट बदलून सावकाश या. मुलगी झालीय. दूध मिळायला जरा उशीर झाला, की जग बुडाल्यासारखी रडते. आई म्हणते, अगदी आजोबांवर गेलीय.

— धाकटी