धुक्यातली हाक

प्रिय मिचिये,

तुझी लेक सांदारा बरी आहे, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. गालाची थोडी कातडी सोलली आहे, पण डाग राहणार नाही असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तू पाठवलेला गुलाबी कोट तिला इतका आवडला की त्यातच शाळेला जाणार म्हणून हटून बसली. तुझ्या शहरात तो चालत असेल. इथं त्या दिवशी पारा उणे चाळिसाच्या खाली गेलेला. तू याच गावची, तुला काय सांगायचं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "माझ्या आईनं पाठवलाय. तू काही माझी आई नाहीस." एर्खान तिच्यावर डाफरणार होता, मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. बापाची दुसरी बायको मी, पोर खोटं काय बोलली? शेवटी गुलाबी कोट आत आणि वरून मेंढीच्या कातड्याचा, अशी तडजोड झाली. "अस्वल दिसतेय नुसती," पुटपुटत गेली.

दुपारी धुकं उतरलं. शाळा लवकर सोडली, आणि मी आणायला निघेपर्यंत शेजारच्या मुली घरी पोचल्यासुद्धा. ही नव्हती. "आत्ता तर मागे होती," त्या म्हणाल्या. एर्खान नदीकडे धावला, मी गवताच्या गंजींकडे. पुढे केलेला हात दिसत नव्हता. हाका मारून माझा घसा सोलवटला, तेव्हा कुठून तरी आवाज आला, "आई, मी इथंय. कुंपणापाशी."

मला वाटलं, तुलाच हाका मारतेय. तरी "आले गं" म्हणत धावले. नाक मफलरमध्ये, हात काखेत, अशी ती खांबाभोवती गोल गोल चालत होती. "रस्ता दिसेना म्हणून थांबले. पण खाली बसले नाही. लोखंडाला हात लावला नाही, बर्फ खाल्ला नाही," एका दमात सांगितलं. गाल गारठून पांढरा पडलेला. चोळला नाही, माझा उबदार तळवा नुसता ठेवून राहिले. मग तिला रडू फुटलं, आणि मलाही.

तेव्हापासून ती मला आई म्हणते. तुझी आई शहरात आहे, असं मी सांगून पाहिलं. "ती आहेच की. तूपण," म्हणाली. फोनवर हे अचानक कानी पडून तुझ्या जिवाला लागू नये, म्हणून लिहितेय. तुला जड जात असेल तर मोकळेपणी कळव, मी तिची समजूत घालीन. पण मिचिये, तिच्या हाकेला मी ओ देऊन बसले आहे.

तुझीच,
तुयारा