शिकलेला माणूस जीव देत नाही

१ सप्टेंबर, सोमवार

देवळीच्या वाचनालयातून गुलाबरावांचा फोन. दहा तारखेला आत्महत्या प्रतिबंध दिन — ‘शिक्षण आणि आत्महत्या’ यावर मीच बोलायचं. लगेच हो म्हटलं! जन्म शाळेत गेला. मी नाही बोलायचं तर कोणी? मुद्दा पक्का आहे. शिक्षण वाढेल तशा आत्महत्या घटतील. ज्याला चार कविता पाठ आहेत तो एकटा कसा पडेल?

तळेगावची शाळा आठवली. सहावीचा वर्ग, कौलांतून फळ्यावर उतरलेलं ऊन, आणि साऱ्या पोरांनी एका सुरात म्हटलेली नदीची कविता. काय दिवस होते!

३ सप्टेंबर

अनुप पोळ्याला आला तो घरीच आहे. पुण्याची खोली सोडली म्हणतो. संख्याशास्त्रात एम.एस्सी., वर नेट — प्राध्यापकाच्या जागा निघाल्या की माझा मुलगा लागलाच समजा.

त्याला मुद्दा ऐकवला. म्हणाला, आकडे इतके सरळ नसतात. कुठे शिक्षणासोबत आत्महत्या कमी दिसतात, कुठे उलट. शिकून काम मिळालं की नाही, तेही पाहावं लागतं. मी म्हटलं, हे बारकावे तुमच्या कॉलेजात, वाचनालयात सरळ बोलावं. तो हसला.

“बाबा, तुमच्या भाषणात माझा रकाना कोणता?”

“पहिला! शिकलेल्यांचा.”

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. जुने विद्यार्थी पेढे घेऊन आले. गुलाबरावही आले, आणि अनुपला बघून त्यांना राहवेना — “काऊन प्राध्यापक, इतकं शिकून घरीच बसून राह्यले? बापाची पेन्शन लय गोड लागते वाटते!” सगळे हसले. अनुपही हसला. शिकलेला माणूस असं मनावर घेत नाही — भाषणात घालावं.

६ सप्टेंबर

अनुपने आपली सगळी पुस्तकं शेजारच्या पौर्णिमाला देऊन टाकली. घड्याळसुद्धा. दिलदार पोरगा!

८ सप्टेंबर

भाषण पुरं झालं. अनुपला वाचून दाखवलं, वर नदीची कविताही म्हटली. पूर्वी दुसऱ्या ओळीलाच माझी नक्कल करायचा. आज सबंध ऐकली, शब्द बोलला नाही. वर्गात अशी शांत पोरं मला कधी उभी करून विचारावी लागली नाहीत. त्यांचं लक्ष असतंच.

१० सप्टेंबर

दवाखान्याच्या बाकावर. सकाळी मी भाषणाला जायला सदरा घालत होतो. अनुप दारात येऊन उभा राहिला. “बाबा, मले जगावंसं नाई वाटून राह्यलं. किती दिवसांचं सांगावं म्हणतो. आज मले एकटं ठेवू नका.”

गुलाबरावांना कळवलं, येत नाही. काय कारण सांगू, म्हणाले. म्हटलं, सांगा, गुरुजींना हा विषय येत नाही.

आत डॉक्टरबाई अनुपशी बोलताहेत. जाताना म्हणाला, “इथंच बसजा.”

बसलो आहे.